इंग्लंडहून किट कार आणून नाशिकला पासिंग होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या एका कंपनीकडून लोटस सेव्हन या जुन्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धाटणीचे दोन सीटचे किट, म्हणजे जोडून गाडी होईल असा सुट्या भागांचा संच, घ्यायचे. दोन लिटरचे फोर्ड इंजिन आणि गिअरबॉक्सही तिच्याकडूनच. जोडणी अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये करायची आणि पेठ रोडच्या आरटीओत एमएच-१५ नंबर घ्यायचा. विकणारा सांगतो की किट 'आयव्हीए-रेडी' आहे. इथला एजंट सांगतो की स्पेअर पार्ट म्हणून माल आणा, पासिंगचे मी बघतो. भाडे आणि विमा धरून न्हावा शेवापर्यंतचा खर्च ३० लाख. मोठा भाऊ आठ वर्षे कॉव्हेंट्रीत नोकरीला आहे आणि दोनेक वर्षांत कायमचा परत येणार आहे. पैसे अजून भरलेले नाहीत.

पैसे भरलेले नाहीत हे फार बरे झाले. या रीतीने आणलेल्या गाडीला नाशिकलाच काय, देशातल्या कुठल्याही आरटीओत कायदेशीर नंबर मिळत नाही. वर्कशॉप कितीही चांगले असो, वेल्डिंग कितीही सुबक असो, अडचण तिथे नाहीच. गाडीचा पहिला नट आवळण्याआधी तिची कागदपत्रे तयार असावी लागतात, आणि या गाडीची ती कधीच तयार होत नाहीत. का, ते नीट समजून घ्या, म्हणजे एजंटचे बोलणे कुठे फसवे आहे तेही कळेल आणि कोणते रस्ते खरोखर उघडे आहेत तेही.

आधी 'आयव्हीए-रेडी' या शब्दाचे बघू. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या एकेका गाडीची वेगळी तपासणी करून तिला रस्त्यावर आणायची सोय आहे. तिला आयव्हीए म्हणतात. तपासनीस तुमची एकच गाडी बघतो, ती पास झाली की त्या एका गाडीला प्रमाणपत्र मिळते. भारतात अशी सोय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२६ मंजुरी देतो ती मॉडेलला. उत्पादकाने किंवा आयातदाराने नमुना गाडी पुण्याच्या एआरएआय, अहिल्यानगरच्या व्हीआरडीई, मानेसरच्या आयकॅट अशा नेमलेल्या संस्थेकडे द्यायची, तिथे ती सगळ्या चाचण्यांतून जायची, मग त्या मॉडेलच्या गाड्या विकायच्या. त्यामुळे 'आयव्हीए-रेडी' म्हणजे ब्रिटनच्या तपासणीत पास होण्याजोगे किट, एवढाच अर्थ. ते प्रमाणपत्र हातात आले तरी आपल्याकडे ते टाईप अप्रूव्हल, म्हणजे नियम १२६ ची मॉडेलला मिळणारी मंजुरी, ठरत नाही. विकणारा खोटे बोलत नाही, तो त्याच्या देशातले बोलतो आहे.

मग आपणच मॉडेल मंजूर करून घ्यावे का? प्रवासी गाडीसाठी आज काय लागते ते बघा. बीएस-६ चा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यात प्रयोगशाळेतल्या चाचणीशिवाय प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजतात आणि गाडीत ओबीडी, म्हणजे धुराशी संबंधित बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा, लागते. समोरून धडकेची चाचणी, म्हणजे एआयएस-०९८, ताशी ५६ किलोमीटरला. बाजूच्या धडकेची एआयएस-०९९, ताशी ५० ला. एबीएस, पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग, सीट बेल्टची सूचना, वेगमर्यादेची सूचना, मागे घेताना वाजणारा सेन्सर. सेव्हनच्या धाटणीच्या गाडीला दारे नसतात, बाजूला दंडाएवढ्या उंचीवर दोन नळ्या आणि पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. बाजूच्या धडकेत ती कशी टिकणार? आणि या चाचण्यांत गाड्या मोडतात, म्हणजे एका गाडीसाठी दोन-तीन गाड्या खर्ची घालायच्या. उत्पादक होऊन शेकडो गाड्या विकायच्या असतील तर हा हिशोब मांडता येतो, एका हौशी माणसाला मुळीच नाही.

आता आरटीओकडे या. नवीन गाडीच्या नोंदणीला मालकाचा अर्ज फॉर्म २० मध्ये, विक्रीचा दाखला फॉर्म २१ मध्ये आणि रस्त्यालायक असल्याचा उत्पादकाचा दाखला फॉर्म २२ मध्ये लागतो. आयात गाडी असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाच्या नोंदीचा कागद. शिवाय विमा, पत्त्याचा पुरावा, चासिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे कागद ठेवून पेन्सिलीने उमटवलेला ठसा. अडते ते फॉर्म २२ वर. मॉडेल टाईप अप्रूव्हलमधून पास झाल्यावरच उत्पादक त्याची माहिती 'वाहन' या सरकारी नोंदणीच्या संगणक प्रणालीत चढवतो आणि गाडीगणिक फॉर्म २२ निघतो. तुमच्या किटचे मॉडेल त्या प्रणालीत नसेल तर काउंटरवरच्या माणसाला निवडायला काही उरतच नाही. पूर्वी रजिस्टरमध्ये हाताने लिहायचे दिवस होते, त्या काळच्या गोष्टी ऐकवून आजही काही लोक 'होऊन जाईल' म्हणतात. 'वाहन' आल्यापासून ते होत नाही, आणि झालेच तर पुढे कुठल्याही पडताळणीत नोंदणी रद्द होऊ शकते.

सगळ्यात धोक्याचा सल्ला म्हणजे 'स्पेअर पार्ट म्हणून आणा'. कस्टम टॅरिफच्या अर्थ लावण्याच्या नियमांत २(अ) हा नियम आहे. वस्तू सुटी असो वा अपुरी, तिच्यात पूर्ण वस्तूचे मुख्य स्वरूप आलेले असेल तर तिचे वर्गीकरण पूर्ण वस्तू म्हणूनच होते. चासिस, बॉडी, सस्पेन्शन, स्टिअरिंग, इंजिन, गिअरबॉक्स अशी सगळी खोकी एकाच मालकाच्या नावाने आली की ती टॅरिफमधल्या ८७०८ या क्रमांकाखालचे सुटे भाग राहत नाहीत, ८७०३ खालची मोटारगाडी होते. मोटारगाडी म्हटले की आयात धोरणाच्या ८७ व्या प्रकरणाच्या अटी आल्या: उजव्या हाताचे स्टिअरिंग, किलोमीटर दाखवणारा स्पीडोमीटर, डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसे हेडलाइट, ठरावीक बंदरे आणि नियम १२६ चे प्रमाणपत्र. पहिल्या तीन अटी ब्रिटिश किट सहज पाळते, फक्त मैलांचा स्पीडोमीटर बदलावा लागतो. अमेरिकेतून कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स गाडीची नक्कल आणणारे तर डाव्या स्टिअरिंगवरच अडतात. शेवटची अट मात्र कुणाचेच किट पाळत नाही.

खोकी वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या नावांनी मागवली तर? हाच सल्ला पुढच्या पायरीला दिला जातो. एकाच पुरवठादाराचे इन्व्हॉइस, एकच चासिस नंबर, एकाच ठिकाणी भरलेले पैसे. हे धागे जोडायला कस्टमला फार कष्ट पडत नाहीत. चुकीची माहिती देऊन ड्यूटी चुकवल्याचे दिसले तर कस्टम कायद्याच्या कलम २८ खाली पाच वर्षे मागे जाऊन वसुली होते, कलम १११ खाली माल जप्त होतो, कलम ११२ खाली दंड, आणि माल सोडवायचा तर कलम १२५ चा वेगळा दंड. आणि समजा कुणी धागे जोडलेच नाहीत, तरी हाती काय आले? बिल ऑफ एंट्रीवर 'मोटारीचे सुटे भाग' लिहिलेले. त्या कागदावर गाडी नावाची वस्तू भारतात आलेलीच नाही, मग आरटीओ नोंद कशाची करणार? गाडी म्हणून आणली तर मंजुरी नाही आणि भाग म्हणून आणले तर गाडी नाही, ही गाठ आहे. एजंट कुठलाही असो, त्याला एवढेच विचारा: फॉर्म २२ वर सही कोण करणार? त्याचे उत्तर येत नाही.

ड्यूटीचा आकडाही डोळ्यांसमोर असू द्या. सुट्या किटला सवलतीचे दर आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्समिशन यांतले काहीच आधी जोडलेले नसेल तर १५ टक्के, यांपैकी काही जोडलेले पण चासिसवर न बसवलेले असेल तर ३५ टक्के. तुमचे इंजिन क्रेटमध्ये जोडूनच येणार, म्हणजे १५ चा दर विसरा. जोडलेली नवी गाडी ठरली तर मूळ ड्यूटी ७० टक्के. ३० लाखांवर २१ लाख, झाले ५१. त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या, चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के आहे, पण तुमचे इंजिन दोन लिटरचे, म्हणून ४० टक्के. ५१ वर २० लाख ४० हजार. एकूण ७१ लाख ४० हजार, आणि हे फक्त बंदराच्या फाटकापर्यंत. माल अडकला की सीएफएसचे, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचे, भाडे आणि कंटेनर उशिरा परत केल्याचे डिटेन्शन रोजच्या रोज चढते. लाकडी खोक्यांवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा, शिक्का नसेल तर धुरीकरणाचा खर्च वेगळा. हा शिक्का बारीक गोष्ट वाटते, पण इंग्लंडमधली छोटी वर्कशॉप स्थानिक गिऱ्हाइकाला माल देताना तो सहसा मारत नाहीत, म्हणून सांगावे लागते.

एवढे सांगूनही कुणी वर्गीकरणाबद्दल खात्री देत असेल तर ती खात्री कस्टमकडूनच लेखी घ्या. मुंबईत कस्टमचे आगाऊ निर्णय देणारे प्राधिकरण आहे. मालाचे वर्णन, पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइसचा मसुदा जोडून सीएएआर-१ या फॉर्ममध्ये अर्ज करायचा. अर्जाची फी दहा हजार रुपये, निर्णयाची मुदत तीन महिने, आणि तो निर्णय अर्जदारावर आणि कस्टमवर दोघांवर बंधनकारक असतो. ७० लाखांच्या व्यवहारात दहा हजार म्हणजे काहीच नाही. ज्या एजंटला आपल्या सल्ल्यावर विश्वास आहे तो या अर्जाला नाही म्हणणार नाही.

काही आडवाटा लोक सुचवतात, त्या पटापट बघू. ४०,००० डॉलरहून महाग आणि पेट्रोलला ३००० सीसीहून मोठ्या इंजिनाच्या नव्या गाड्यांना आयात धोरणात वेगळी वागणूक आहे. तुमचे इंजिन दोन लिटरचे, तिथेच विषय संपला. २०१८ मध्ये वर्षाला २५०० गाड्या भारतातल्या चाचणीशिवाय आणायची मुभा मिळाली, पण ती उत्पादकाला आणि त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला, आणि गाडीला तिकडची पूर्ण टाईप अप्रूव्हल हवी. ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या, त्यातली मोटारींची ड्यूटी-सवलत कोट्यापुरती आहे आणि मंजुरीची अट ती काढत नाही. जुलै २०२१ मध्ये आलेली 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे. १९६० च्या दशकातल्या गाडीची आज बनवलेली नक्कल त्यात बसत नाही.

पाचवी आडवाट जास्त घातक आहे, म्हणून तिच्यावर थांबतो. जुनी जिप्सी किंवा मारुती घ्यायची, तिची आरसी ठेवायची आणि त्या नंबरावर नवी बॉडी किंवा नवी चासिस चालवायची. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ खाली असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. चासिस नंबरचा तुकडा कापून दुसऱ्या चासिसवर वेल्ड करणे हा तर सरळ गुन्हा. पण खरी भीती दंडाची नाही. द्वारका सर्कलला किंवा कसारा घाटात अपघात झाला, समोरचा माणूस जायबंदी झाला, सर्व्हेअरने पाहिले की आरसीवर हार्डटॉप आहे आणि रस्त्यावर उघडी दोन सीटर. मग विमा कंपनी हात वर करू शकते आणि नुकसानभरपाई तुमच्या घरावर येऊ शकते. त्या समोरच्या कुटुंबाचाही विचार करा, त्यांना वेळेवर पैसे मिळत नाहीत.

आता जे खरोखर शक्य आहे त्याकडे वळू. त्यात सगळ्यात महत्त्वाचा माणूस तुमचा भाऊ.

परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमचे परत येणाऱ्याला, निदान एक वर्ष आपल्या ताब्यात असलेली एक गाडी पूर्ण ड्यूटी भरून आणता येते. म्हणजे किट भावाने घ्यायचे, कॉव्हेंट्रीतच जोडायचे, तिथे पास करून नंबर घ्यायचा, वर्षभर त्याच्या नावावर ठेवायची आणि येताना आणायची. इथली नोंदणीही त्याच्याच नावाने. वापरलेल्या गाडीसाठी धोरण म्हणते की वय तीन वर्षांहून जास्त नको आणि बंदर मुंबईचेच. शिवाय जहाजावर चढण्याआधी तपासणी संस्थेचा दाखला हवा, त्यात गाडी आयातीपासून पाच वर्षे रस्त्यालायक राहील असे लिहिलेले असावे. इथे उतरल्यावर गाडी व्हीआरडीई, एआरएआय अशा संस्थेकडे तपासणीला न्यायची. नाशिककरांना दोन्ही जवळ आहेत, पण नंबर मिळेपर्यंत ती फ्लॅटबेड ट्रकवरच न्यायची.

या वाटेवर ब्रिटनमधली जोडणी कशी करता त्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. सगळे भाग नवे असतील, फार तर एक रिकंडिशन केलेला आणि त्याचा पुरावा असेल, तर ब्रिटनची वाहन नोंदणी संस्था डीव्हीएलए गाडीला चालू वर्षाचा नंबर देते. जुन्या गाडीचे भाग मिसळले आणि त्यांचे वय सिद्ध झाले नाही की 'क्यू'ने सुरू होणारा नंबर मिळतो. त्या 'क्यू'चा अर्थच असा की गाडीचे वय ठरवता येत नाही. मग भारतात 'तीन वर्षांच्या आतली' हे कशाने दाखवणार? तेव्हा डोनर गाडीचा, म्हणजे जुन्या गाडीचे भाग काढून वापरायचा, स्वस्त पर्याय भावाने घ्यायचा नाही. प्रत्येक खोक्याची पावती, तारखेसह फोटो, नोंदणीला दिलेल्या व्ही५५/५ आणि व्ही६२७/१ या फॉर्मच्या प्रती, आयव्हीएचे प्रमाणपत्र, व्ही५सी म्हणजे तिकडची आरसी, वर्षभराच्या विम्याची कागदपत्रे, सगळे एका फायलीत.

आयव्हीएत हौशी जोडणारे नापास होतात ते बहुतेक इंजिनावर नाही, कडांवर. बाहेरच्या बाजूला १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो तिथली कड निदान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी. पुढच्या सस्पेन्शनचे नट, आरशाचे दांडे, नंबर प्लेटचे कोपरे, एक्झॉस्टची कडा इथे सापडतात. नटांवर प्लास्टिकच्या टोप्या आणि पत्र्याच्या कडेला रबरी किनार लावली की काम होते, पण ती हाताने ओढून निघता कामा नये. आत डॅशबोर्डला १६५ मिलिमीटरच्या गोळ्याने तसेच बघतात. स्टिअरिंग वळवून सोडले की आपोआप मधे यायला हवे. हलक्या गाडीत ते येत नाही, कारण कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी पडतो. वरच्या विशबोनची, म्हणजे सस्पेन्शनच्या वरच्या त्रिकोणी दांडीची, जागा मागे सरकवून कॅस्टर वाढवावा लागतो.

इंजिनाबाबत मात्र आयव्हीएपुरते बघून चालणार नाही. तिथे धूर इंजिनाच्या वयाप्रमाणे तपासतात, त्यामुळे जुने इंजिन आणि कार्बोरेटर घालून लोक सूट मिळवतात. भारतासाठी हीच चूक गळ्याशी येते. फॅक्टरीचे इंजेक्शन, फॅक्टरीचा ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन लॅम्बडा (ऑक्सिजन) सेन्सर, चालणारा ओबीडी पोर्ट, आणि त्या इंजिनाच्या उत्सर्जनाचे उत्पादकाचे पत्र, एवढे हवेच. पेट्रोलचे पाइप आणि सील इथेनॉल सोसणारे घ्या, आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते.

चासिस नंबरची गोष्ट बारीक, पण हिच्यावर महिने जातात. नियम १२२ प्रमाणे नंबर धातूत कोरलेला हवा. किटवाले अनेकदा रिव्हेट केलेली पट्टी देतात. ऑर्डर देतानाच सांगा की १७ अक्षरांचा नंबर चासिसच्या सपाट भागावर ठोकून द्या, गोल नळीवर नको, कारण पेन्सिल प्रिंट नीट उमटत नाही. पावडर कोटिंगला देताना तेवढी जागा टेपने झाकायची. जाड कोटिंग नंबरात भरले की ते खरवडावे लागते आणि खरवडलेला नंबर बघून इन्स्पेक्टरला शंका येणारच. इंजिन नंबरही इन्व्हॉइसवर, व्ही५सीवर आणि बिल ऑफ एंट्रीवर अक्षर न अक्षर तोच हवा. एका ठिकाणी शून्याचा 'ओ' झाला तर कस्टमकडून दुरुस्ती करून आणायला लावतात.

पैशांचे ऐका. वापरलेल्या गाडीवर मूळ ड्यूटी ७० टक्के आणि शेती पायाभूत सुविधांचा अधिभार ६७.५ टक्के. किंमत काढताना घसारा मिळतो, पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी २.५. दीड वर्षाच्या गाडीला २२ टक्के. ३० लाखांतले २७ लाख गाडीचे आणि तीन लाख भाडे-विम्याचे धरले तर २७ चे २१ लाख सहा हजार, अधिक तीन, म्हणजे २४ लाख सहा हजार. त्यावर १३७.५ टक्के, मग ४० टक्के आयजीएसटी. एकूण ८० लाखांच्या घरात. नुसता कर ५६ लाखांच्या आसपास. शिवाय कस्टम किटच्या पावत्यांऐवजी त्याच कंपनीच्या तयार गाडीचा दर आधाराला घेऊ शकते, तो जास्त असतो. नोंदणीची फी आयात मोटारीला ५००० रुपये, ती नगण्य. राज्याचा एकरकमी कर मात्र आयात गाडीला देशी गाडीपेक्षा चढ्या दराने लागतो.

माझे मत सांगतो. ही वाट कायद्यात आहे पण अरुंद आहे, आणि भावाने किटची ऑर्डर देण्याआधी चाचणी संस्थेकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय तिच्यावर पाऊल टाकू नये. पत्रात गाडीचे नाव, इंजिन, उत्सर्जनाचा दर्जा, आयव्हीएची माहिती लिहा आणि विचारा की परत येणाऱ्या रहिवाशाने आणलेल्या अशा एका गाडीची तपासणी करून अहवाल द्याल का. तेच उत्तर जोडून पेठ रोडच्या कार्यालयाला लेखी विचारा. तोंडी 'हो' धरून चालू नका, बदली झाली की ते 'हो' त्या अधिकाऱ्याबरोबर जाते.

भावाला गाडी फक्त एकदा नाशिकला आणून फिरवायची असेल तर कार्नेची सोय जास्त सोपी. तिकडच्या मोटार क्लबकडून कार्ने द पासाज, म्हणजे गाडी ड्यूटी न भरता तात्पुरती आणायचा परवाना, घ्यायचे, क्लबकडे हमी ठेवायची, गाडी ब्रिटिश नंबरावरच इथे सहा महिन्यांपर्यंत चालवायची आणि परत न्यायची. २०२२ च्या नियमांप्रमाणे आरसी, लायसन्स, विमा आणि प्रदूषणाचा दाखला गाडीत ठेवावा लागतो. भारतात वैध असलेला विमा वेगळा काढावा लागतो. परत नेली नाही तर पूर्ण ड्यूटी त्या हमीतून वसूल होते. अशी गाडी इथे विकता येत नाही, कुणाला वापरायलाही देता येत नाही.

आणि जोडण्याचा आनंदच हवा असेल, रस्त्याचा आग्रह नसेल, तर इंग्लंडचे किट कशाला? सेव्हनच्या धाटणीची चासिस बहुतांशी एक इंची चौकोनी, १६ गेजच्या म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीच्या नळीची असते. ती नळी, लेझर कटिंग, टिग वेल्डिंग, पावडर कोटिंग सगळे अंबड-सातपूरमध्ये मिळते. सपाट टेबलावर आधी सगळी चासिस फक्त टॅक करायची, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी तात्पुरती जोडायची, कर्ण मोजायचे, दोन्ही बाजूंत दोन मिलिमीटरहून जास्त फरक नको, आणि मग एकदा पुढे एकदा मागे असे आलटून-पालटून पूर्ण वेल्ड करायचे. एका टोकाकडून सलग वेल्ड केले की चासिस पिळवटते, पुढे अलाइनमेंट कधीच जुळत नाही. ट्रॅकसाठी रोलबार वेगळाच करावा लागतो. त्याचा मुख्य कमान-पाइप कोल्ड-ड्रॉन सीमलेस, ४५ मिलिमीटर व्यास, २.५ जाडी. घरच्या ग्रिलचा पाइप तिथे चालत नाही, उलटल्यावर तो दुमडतो. इंजिन अधिकृत स्क्रॅप केंद्रातून, बिलासह घ्या. ही गाडी कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर फ्लॅटबेडने न्यायची. गंगापूर रोडला पहाटे एक चक्करसुद्धा मारायची नाही. विना नोंदणी गाडीला पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे, दुसऱ्यांदा कैदही होऊ शकते, आणि विमा तर नाहीच.

रस्त्यावर चालवायची हौस असेल तर सगळ्यात कमी त्रासाची वाट आपल्या राज्यातच आहे. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने याच धाटणीची रोडस्टर बनवली, अँबॅसडरमध्ये येणारे १८०० सीसीचे इसुझू इंजिन घालून. विकायला निघालेली एखादी सापडली तर आधी आरसी मागा. उत्पादक, मॉडेल, बॉडीचा प्रकार, सीटची संख्या, चासिस आणि इंजिन नंबर हे सगळे प्रत्यक्ष गाडीशी आणि एम-परिवहन ॲपवरच्या नोंदीशी जुळले पाहिजे. आरसीवर दुसऱ्याच कंपनीची सलून लिहिली असेल तर पैसे कितीही कमी सांगोत, घेऊ नका. पंधरा वर्षे झाली असतील तर फॉर्म २५ वर नूतनीकरण झालेले आहे का बघा, ते पाच वर्षांचे असते. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. गाडी बघताना फायबरच्या बॉडीवरचे तडे फारसे मनावर घेऊ नका, ते भरता येतात. खाली झोपून पायाजवळच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या नळ्या टॉर्चने बघा, हातोडीच्या दांड्याने ठोका. समुद्रकाठच्या हवेत नळी आतून गंजते, बाहेर रंग तसाच राहतो. ठोकल्यावर आवाज टणक यायला हवा. बद्द आला तर त्या नळ्या बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलणी करा.